घोंगड्याखालचं तोंड

शुक्रवार, २९ ऑगस्ट

कापलं. पण नको ते कापलं आणि कापायला हवं होतं ते ठेवलं!

दुपारी देवदत्तचा मुंबईहून फोन. सेन्सॉरनं ‘रातीचं पाणी’ पाहिला. कोयत्याचे घाव कमी करा. विहिरीतलं पाणी एवढं लाल नको. शिव्या मुक्या करा. एकजण मरण्याआधी बिडी ओढतो, तिथं बिडी आरोग्याला घातक असल्याची पट्टी टाका. (कोयता आरोग्याला कसा असतो, त्याची पट्टी नको.)

“आणि शेवट?” मी विचारलं.

“शेवटाला हात नाही लावला, सर. एक बाई तर अशा दचकल्या की चष्मा पडला.” गडी खूश.

देवदत्त साताऱ्याचा, दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. गोष्ट माझी. मी सांगलीच्या साप्ताहिकात इतकी वर्षं लोकांच्या टोप्या उडवल्या, कात्रीवाल्यांवर तर लेखांची माळच लावली. आणि आज देवापुढं हात जोडून कात्रीच मागतोय.

कारण इथंच लिहितो, दुसरीकडं बोलायची सोय नाही. गोष्टीत शेतीची लाईट रात्रीच येते. उसाला पाणी पाजायला माणूस एकटा रानात जातो आणि घोंगडं पांघरलेला कुणीतरी त्याला कापून विहिरीत टाकतो. शेवटी घोंगडं सरकतं. आत तोंड कुणाचं? गावातल्या सगळ्यात सज्जन माणसाचं — त्या रिटायर सुभेदाराचं, जो प्रत्येक खुनानंतर बॅटरी घेऊन सगळ्यांच्या पुढं असतो.

ते काम केलंय जोतीराम दाजींनी. माझ्या अंजनाअक्काचे यजमान. कोरेगावजवळ ऊस. खरेच रिटायर सुभेदार, खरेच सज्जन. आणि खुनी आपणच आहोत हे त्यांना माहीत नाही!

सिनेमा तुकड्यातुकड्यानं, उलटसुलट काढतात. घोंगड्याआडून कोयता चालवला कराडच्या एका पैलवानानं. दाजींना नुसतं विहिरीच्या काठावर उभं केलं आणि सांगितलं, नात शाळेतनं आली असं समजून हसा. इतकं गोड हसले! त्या हसण्याखाली प्रेत तरंगतंय हे फक्त मला आणि देवदत्तला ठाऊक. मला त्यांचा अभिनय नकोच होता, तोंड हवं होतं. असलं निर्मळ तोंड मेकअपनं होत नाही.

मुलाबाळांनाही बघता यावा असा दाखला देवदत्तला हवाय, म्हणून तो पुन्हा समितीकडं जाणार. म्हणजे आणखी एक फेरी. आणखी एक कात्री. बघू.

मंगळवार, २ सप्टेंबर

अक्काचा फोन. “सुमंता, शूटिंगवाल्यांनी आपलं घोंगडं परत दिलं, पर त्यो लाल रंग काय जाईना बग. धुऊन धुऊन हात दुखलं. कसल्या कामाला नेलं हुतं रं?”

म्हटलं, थंडीच्या सीनला असेल.

खोटं बोलताना माझा आवाज एक पट्टी वर चढतो, असं ज्ञानदा म्हणते. बायको आहे, तिचा अभ्यास दांडगा.

रविवार, ७ सप्टेंबर

कोरेगावला जाऊन आलो. सांगून टाकायचंच असं ठरवून गेलो होतो.

दाजी आरशापुढं मिशा कातरत होते. “या पावणं, बसा.” लगेच बातम्या. पहिल्या खेळाला पलटणीतले जोडीदार येणार. भाऊबंद येणार. नवा सफारी शिवायला टाकलाय. मग आरशाकडं वळून विहिरीकाठचं हसून दाखवलं. “आसंच केलं हुतं. देवदत्त म्हणला, सुभेदार, तुमच्या हसण्यावर पिक्चर संपतंय. आता बगा, सारी नोकरी फौजेत गेली, फोटूत कवा हसलो न्हाई. हसायची ऑर्डरच नव्हती.”

मी घसा खाकरला. “दाजी, शेवट जरा —”

“शेवट सांगायचा न्हाई. त्यो थेटरातच बगणार.” हात वर करून गप्पच केलं. “तुमी मला द्येवमाणूस केला, पावणं. आमच्या बापानंबी कवा एवढं नाव काढलं नव्हतं. पर तुमचं काम काय धड झालं न्हाई. वायरमन म्हणून डीपीखाली उभं केलं, एक वाक्य दिलं, त्येबी चुकलासा आन् येड्यागत कॅमेऱ्याकडं बगून हसत बसलासा.”

खरं आहे. हौस म्हणून तेवढं काम मागून घेतलं होतं. “आज लाईट रातीचीच.” बास, एवढंच.

अक्का सोप्यात शेंगा फोडत सगळं ऐकत होती. निघताना पिशवीत शेंगा घालताघालता म्हणाली, “शेवट काय हाय रं?”

“गंमत आहे.”

“कुणाची?”

एसटी आली. सुटलो.

सोमवार, ८ सप्टेंबर

पोट बिघडलंय. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लंत? म्हटलं, नाही. घरचंच खाल्लंय.

गुरुवार, ११ सप्टेंबर

देवदत्तला गळ घातली, शेवट बदल. “सर, शेवट म्हणजेच पिक्चर. आणि तुम्हीच लिहिलंय ना, कात्रीला भ्याला तो लेखक कसला?” आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं — यापरता फटका नाही.

ज्ञानदाला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. “सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला खुनी केलंत. दुसरा सज्जन मिळाला नाही?”

“नाही,” म्हटलं.

खरंच नाही मिळाला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

ट्रेलर आला. घोंगड्याची पाठ पडदाभर! आणि पाठीवर हिरव्या दोऱ्याचं रफू. अक्काच्या हातचं. मी ओळखलं म्हणजे तिनं ओळखलंच.

दाजींचा फोन. “लय भारी झालंय. पर मी कुटं दिसंना?”

“तुम्हाला राखून ठेवलंय.”

मागनं अक्काचा आवाज आला. “थांबवा. तितंच थांबवा. मागं न्या जरा.” मग दाजी काहीबाही बोलत राहिले, पण तिचा आवाज पुन्हा आला नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

अक्काचा फोन नाही. मीही केला नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

देवदत्त म्हणाला, “सर, शेवट बदललाय.”

“कापला?”

“दाजींचं हसणं गेलं. त्यांचं पुढचं सगळं काम आहे, फक्त शेवटी ते नाहीत. वरून आलं, सर.”

“वरून म्हणजे?”

“वरूनच. त्यापुढं माझं काही चालत नाही.”

“मग घोंगड्याखाली आता कोण?”

“ते थेटरात बघा.”

सेन्सॉरचा विजय असो! माझे सगळे लेख मागे घेतो. फौजी माणूस खुनी निघतो हे कुणालातरी खटकलं असणार. खटकणाऱ्याच्या घरी सोन्याचा धूर निघो. किती दिवसांनी आज पोटभर जेवलो. ज्ञानदा म्हणाली, “तुमच्या तत्त्वांना पचायला भाकरीच लागते वाटतं.”

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

साताऱ्याचं थेटर. दाजी नव्या सफारीत, छातीवर मेडलं. शेजारी अक्का. मागं पलटण. पडद्यावर दाजी बॅटरी घेऊन आले की शिट्ट्या. कोयता दिसायच्या आत नाहीसा व्हायचा, मेलेले लोक ओरडायच्या आधीच मरायचे, तरी लोक पाय वर घेऊन बसलेले.

मला फक्त शेवटाची धास्ती. कात्रीवर माझा भरवसा अजूनही अर्धाच.

विहीर. घोंगडं सरकलं.

आत मी.

तेच, वाक्य चुकल्यावरचं ओशाळं हसू. पडदाभर. त्या विहिरीवर ते ओशाळं वाटतच नव्हतं — माझ्याच अंगावर काटा आला.

मागनं कुणीतरी, “आयला, वायरमन!” आणि सगळं थेटर उसळलं. “मला वाटलंच हुतं.” “रातीची लाईट ह्योच सोडतुय की रं, मग मारणार दुसरं कोण?” पोटातला जुना राग होता, शिट्ट्या थांबेनात. दाजी उभे राहून टाळ्या वाजवत होते. “पावणं, तुमी? लय डोकं चालवलं!”

कबूल करायला हवं. हा शेवट माझ्या शेवटापेक्षा सरस आहे. साऱ्या गोष्टीत पटण्यासारखी एकच गोष्ट, आणि ती मी लिहिलेली नाही.

अक्का पडद्याकडं बघत होती. दचकली नाही. थेटरात न दचकलेली ती एकटीच.

सोमवार, २० ऑक्टोबर

भाजीवाला म्हणतो, “साहेब, लाईट कवा सोडताय?” आमच्या गल्लीतल्या खऱ्या वायरमननं बोलणं टाकलंय. मी मात्र हलका झालोय. दाजी देवमाणूसच राहिले. कोण ती वरची माणसं, त्यांना पेढे द्यायला हवेत.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

अक्कानं पाट मांडला नाही. ते घोंगडं अंथरलं. लाल डाग वर, हिरवं रफू वर.

“बस.”

बसलो. दाजी बाहेर कुणाला तरी सिनेमा सांगत होते. तिनं कुंकू लावलं, तबक उचललं, आणि ज्योतीकडं बघत हळू बोलली. “शूटिंगला देवदत्त म्हैनाभर माझ्या हातचं जेवला. त्याला म्हणलं, ह्यांचं तोंड काढ. त्यो म्हणला, मग कुणाचं लावू?”

निरांजन माझ्या तोंडाभोवती फिरत होतं.

“म्हणलं, माझ्या भावाचं लाव.”

तबक खाली ठेवलं. “ह्यांना ठावं न्हाई. ठावं हूबी द्यायचं न्हाई.” मग करंजी पुढं केली.

“आ कर.”