आबांसाठी कातडी बुधला

देरा, दुबई
९ जानेवारी १९९८

ती. शोभनाताईस,
रामेश्वरचा सा. न. वि. वि.

ताई, आधी बस, मग वाच. माझं लग्न ठरलंय! म्हणजे मी ठरवलंय आणि मुलगी हो म्हणालीय. नाव बायर्ता. आमच्याच लेदर कोटांच्या दुकानात सेल्सला आहे. काल्मिक लोकांतली, रशियातल्या गवताळ मुलखातली. आमचं मोडक्या हिंदीत चालतं. अडलं की इथलं अरबी यल्ला, खलास आहेच.

तिच्या घरी कातड्याचे बुधले करतात. ओलं कातडं तातीनं, म्हणजे आतड्याच्या दोऱ्यानं शिवायचं, आत ओली वाळू ठासून आकार आणायचा, वाळलं की धुरी द्यायची. आपले आबा विहिरीच्या चामडी मोटा शिवायचे हे कळल्यावर तिनं त्यांच्यासाठी एक केलाच. गच्चीवर धुरी दिली, तर आग लागली म्हणून वॉचमन जमाल बादली घेऊन धावत आला, आणि मग स्वतःच पुठ्ठ्यानं वारा घालत बसला!

पार्सल पाठवतोय. आबांना तूच सांग, मला धीर होत नाही.

तुझ्या लोभावरच उड्या मारणारा,
रामेश्वर

करमाळा
२ फेब्रुवारी

चि. रामेश्वरास अनेक आशीर्वाद.

गाढवा, सांगितलं. परमुलखातली सून ऐकून आबा ताटावरून उठले. मग तुझं पार्सल आलं. त्यांनी बुधला हुंगला, पाणी भरून आढ्याला टांगला आणि गळतो का बघत खाली बसून राहिले. थेंब नाही! मी हसले तर म्हणाले, गळ्याशी टाका सैल पडलाय, कळव तिला.

कळवलं. आता तू निस्तर.

माया आहेच, अक्कलही येवो.
ताई

दुबई
२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

बायर्ता आधी पोट धरून हसली, मग चिडली. म्हणते, टाका सैल नाहीच, लाकडी बूच बसायला जागा ठेवलीय. समोर बसून दाखवीन. एप्रिलची रजा टाकलीसुद्धा! ताई, आबा तिला दारात उभी करतील ना?

लोभ दोघांना पुरेल एवढा ठेव.
रामेश्वर

करमाळा
११ मार्च

चि. रामेश्वर व चि. बायर्ता यांस आशीर्वाद.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. बुचाचं ऐकून त्यांनी बुधल्याचा गळा पुन्हा चाचपून पाहिला. काल बाजारातून कच्चं कातडं आणलं आणि परसात भिजत घातलं. मोटा बंद झाल्यापासून पहिल्यांदा! शेजारची मैमुनाबी नाकाला पदर लावून विचारायला आली, हा वास कसला म्हणून. आबा छाती काढून म्हणाले, सून येतेय.

वाट पाहणारी,
ताई