पेन्सिलीतलं विश्व

नाना, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली. आज तुमची वही पुन्हा उघडली, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही विज्ञान शिकलात निजामाच्या राज्यात, उर्दूतून. पोलिस ॲक्शननंतर औरंगाबादच्या तुमच्या शाळेत मराठी आली आणि दोन लेकरांचा बाप झाल्यावर तुम्ही सगळे शब्द नव्यानं पाठ केलेत. तरी वर्गात गुरुत्वाकर्षणाला 'कशिश' म्हणून जायचात. मुलं हसली की म्हणायचात, "काही म्हणा, दगड खालीच पडतो." वहीचा नियम मात्र पक्का होता. डोळ्यांनी पाहिलेलं शाईनं लिहायचं, विचारानं काढलेलं पेन्सिलीनं. विश्वाचं पान अर्थातच पेन्सिलीतलं. विश्वाला सुरुवात नाही, ते पसरतं तसं मधल्या जागेत नवं द्रव्य तयार होतं, असं तुम्ही शिकवत होतात.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. दुपारी कॉलेजातून येते तर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर जेवत बसला आहात. मी उभ्यानंच सांगते, "नाना, तुमचं विश्व चुकलं. त्याला सुरुवात आहे."

"आधी जेवू दे त्यांना," आई तव्यावरची भाकरी उलटते. "विश्व काय पळून चाललंय?"

"चाललंयच की," तुम्ही म्हणता, आणि माझ्याकडे वळता. "पुरावा?"

मी सांगितलं. आकाशाच्या कुठल्याही भागाकडे यंत्र वळवा, सारखीच मंद ऊब सापडते. आरंभी सगळं तापलेलं होतं, त्याची ती शिल्लक. तुम्ही प्रश्नामागून प्रश्न विचारलेत. भाकरी गार झाली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मागच्या वर्षीच्या मुलांच्या वर्गात गेलात. शेजारची मुलगी त्या वर्गात होती, तिनं हे सांगितलं. "मी शिकवलेलं खोडा, माझ्या मुलीनं चूक दाखवली," म्हणालात. दारातून हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, आता विश्वसुद्धा मुलगी शिकवते का तुम्हाला?"

"व्हय, शिकवते. लई चांगलं शिकवते," म्हणालात आणि खडू उचललात.

ते 'व्हय' मी आयुष्यभर मिरवलं. वहीतलं ते पान पुसून पुसून पातळ झालं आहे. नवा सिद्धान्तही पेन्सिलीतच आहे. त्याखाली एकच ओळ शाईत: ही बातमी मुलीनं आणली.

हे पत्र त्याच पानात राहणार आहे, तेव्हा राहिलेलंही लिहिते. मी तीस वर्षं मुलींच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. विश्वाचं पसरणं मंदावत चाललं आहे, असं ठासून सांगत होते. मग दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं, की ते उलट वेग घेतं आहे. मी टिपणं बदलली आणि नव्या वर्गाला नवं शिकवलं. माझ्या टिपणांत पेन्सिल कधी नव्हतीच. आदल्या वर्षीच्या मुली त्याच मजल्यावर, पलीकडच्या खोलीत बसत होत्या. वीस पावलं असतील. मी गेले नाही.