तो मळ नव्हता, आत्या

प्रिय सुमाआत्या,

तुला जाऊन दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तुला चार ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही, आणि आज बसलेय. कारण आज सकाळी मनूला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तिथे मला तुझ्याबद्दल कळलं. हो, तुझ्याबद्दल!

मनू, माझी लेक, आता पाच वर्षांची आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळणात तिचं अगदी तुझ्यासारखं लाल होतं, सोलतं. परवा आईने तिला न्हाणीत बसवलं आणि टाचा घासायची वज्री उचलली. मी पोरीला तशीच ओली उचलून आणली. आई माझ्यावरच चिडली, "मळ बसलाय त्यो! घासल्याबिगर जातोय व्हय?"

तुझेही हातपाय तिने त्याच वज्रीने घासले ना गं? दर रविवारी, लाल साबण लावून. तू म्हणायचीस, "वैनी, हळू की! लई आग होतीया." नणंद उजळली तर लग्न जमेल, अशी आईची बिचारीची समजूत. पण तू एकदाही हात झटकून का उठली नाहीस? याचा मला आजही राग येतो.

डॉक्टर म्हणाले, कातडीच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते कातडी घट्ट ठेवतं, ओल धरून ठेवतं. काही घराण्यांत ते जन्मतःच कमी बनतं. मग कातडी कोरडी पडते, साबण-धूळ आत शिरते, अंग त्याच्याशी भांडायला उठतं आणि सूज, खाज सुरू. हा इसब स्पर्शाने पसरत नाही. आणि आईला म्हणाले, "आजी, तुम्ही मळ नाही, तिची कातडी काढत होता."

आम्ही रिक्षाने शुक्रवार पेठेत घरी आलो. घरात शिरल्यावर आई एवढंच म्हणाली, "सुमीला म्या किती घासलं गं!" आणि रडली.

मी तरी कुठे चांगली वागले? मी नववीत असताना तू माझी वेणी घालायला आलीस आणि मी डोकं मागे घेतलं. "तू नको, माझ्या ड्रेसवर तुझ्या हातांचा कोंडा पडतो," असं म्हणाले! तू कंगवा खिडकीत ठेवलास आणि भाजी निवडायला गेलीस. त्यानंतर माझ्या केसांना कधी हात लावला नाहीस. माफ कर म्हणायला मला एवढी वर्षं का लागली, आत्या?

पुढचं ऐक. डॉक्टरांनी माझाही तळहात पाहायला मागितला. रेषांचं दाट जाळं! तसंच तुझ्या हातावर होतं, तसंच मनूच्या इवल्या हातावर आहे. "ते प्रथिन कमी असलं की अशा रेषा दिसतात. हे बहुधा तुमच्याकडूनच आलंय," ते म्हणाले. मला कधी खाज सुटली नाही, म्हणून मी आयुष्यभर स्वतःला वेगळी समजत आले.

आता हे सगळं थांबलं. मनूच्या ओल्या अंगाला रोज मलम लागेल, वज्री लागणार नाही. हे पसरत नाही, असं शाळेत बाईंना मी स्वतः जाऊन सांगेन. आणि पोरीला हे कुणाकडून आलं, असं कुणी विचारलं, तर घरातल्या सगळ्यांसारखं तुझं नाव पुढे करणार नाही. तिथल्या तिथे माझा तळहात उघडून दाखवीन.

तुझीच भाची,
संगी