गोमाजींचं घर विकणे आहे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आले बाई एकदाची माझ्या महालात! महाल म्हणजे कोपरीत खाडीच्या अंगाला असलेलं गोमाजींचं दुमजली घर. नव्या नोकरीतलं माझं पहिलंच काम. पोपटशेठचं माजिवड्याला जागा विकण्याचं ऑफिस आहे. ते म्हणाले, घर वर्षानुवर्षं बंद आहे, गिऱ्हाईक कधीही येतं, तेव्हा सोमवार ते शुक्रवार तिथेच राहा आणि शनिवारी डोंबिवलीला घरी जा. मी लगेच हो म्हटलं. सासूबाईंपासून इतकी सुट्टी कोण सोडतं?

घर बघून मात्र थक्क झाले. सागवानी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, मधल्या चौकात विहीर (कोरडी), आणि ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा. गोमाजी म्हणजे आताचे मालक दर्शन यांचे पणजोबा, मिठाच्या व्यापारात वर आले. मी झोपाळ्यावर टेकून मोठ्याने म्हटलंसुद्धा, असं घर कधी विकलंच जाऊ नये. कडी टणकन वाजली. मग स्वतःचंच हसू आलं, कारण विकायलाच तर मला ठेवलंय.

फोनवर लेकीला, सान्वीला सगळं घर दाखवलं. जिन्याच्या कठड्यावरून घसरायला मिळेल का, एवढाच तिचा प्रश्न. मी नवऱ्याला, सूरजला म्हटलं, एकदा तिला घेऊन ये रे, हिने इथे पाऊल टाकलं की परत जायचं नावच काढणार नाही ही! तेवढ्यात कडी पुन्हा वाजली. वारा छान आहे इथे.

पण त्याआधी पंधरा तारखेला तिच्या शाळेचं गॅदरिंग. दुसरीच्या मुलींचं कोळीनृत्य आहे. आई पहिल्या रांगेत बसणार, असं वचन घेतलंय माझ्याकडून.

५ फेब्रुवारी, बुधवार

समोर शेवंतीताई सुकट विकायला बसतात. गप्पा मारतात, पण आत या म्हटलं तर येत नाहीत. म्हणाल्या, “या घरान तोंड सांबालून बोल गो बाय. पयला बोल धरतंय, मंग फिरवलेला नाय.” हसले मी. वास्तू तथास्तु म्हणत असते हे आईने आम्हाला लहानपणी इतकं ऐकवलंय की आमच्याकडे तांदूळ कधी संपले नाहीत, नेहमी ‘वाढले’. पण जागा विकणाऱ्या बाईने तोंड सांभाळलं तर ती खाणार काय?

आज पहिलं गिऱ्हाईक आलं. सर्वेश नावाचे गृहस्थ, वागळे इस्टेटला वर्कशॉप आहे, बरोबर बायको. विहीर बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, तशी मी ठोकून दिली की झरा जिवंत आहे, पाणी येईलच. मुलगा ढोल वाजवतो, शेजारी भांडतील म्हणाले. म्हटलं, कितीही ओरडा, आतला आवाज बाहेर जात नाही. बायकोला खिडक्यांची काळजी. म्हटलं, या काचांतून बाहेरच्याला आतलं माणूस दिसत नाही. सामान घराबरोबरच का? अहो, इथली काडीसुद्धा बाहेर जाणार नाही! दोघं खूश होऊन गेले. झोपाळ्याला तेल घालायला हवं, सारखा वाजतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

विहिरीला पाणी आलं! चाखून बघितलं तर गोडं. खाडी इतकी जवळ असताना! आनंदाने खिडकीतून शेवंतीताईंना हाका मारल्या, घसा बसला, तरी त्या वळल्या नाहीत. बाहेर जाऊन विचारलं तर म्हणाल्या, मी बहिरी नाय गो, तू हाक मारलीसच नाय.

संध्याकाळी दर्शन आले. आधी ठेवलेली माणसं टिकली नाहीत म्हणून धास्तावलेले. मी म्हटलं, मी नाही हो पळणाऱ्यातली. हे घर विकलं जाईपर्यंत मी इथून हलत नाही. त्यांना बरं वाटलं. कडी वाजली. त्यांनी चमकून झोपाळ्याकडे बघितलं आणि चहा न घेताच गेले.

८ फेब्रुवारी, शनिवार

पिशवी भरून तयार आहे, पण दार उघडत नाही. लाकूड फुगलं असेल. मागचंही तसंच.

सूरजला फोन लावला. त्याचं हॅलो, हॅलो ऐकू येतं, माझा आवाज त्याला जात नाही. मेसेजही अडकलाय. मोबाईल बिघडला वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मोबाईल बिघडलेला नाही. मी मागची पानं वाचली. आतला आवाज बाहेर जात नाही. काडीसुद्धा बाहेर जाणार नाही. विकलं जाईपर्यंत मी इथून हलत नाही. सगळं मीच बोललेय.

सूरजचा फोन आला. पोपटशेठ त्याला म्हणालेत, जुन्या घरात रेंज नसते, नयन मजेत असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सर्वेश आले. त्यांनी ढकललं आणि दार सहज उघडलं! मी त्यांच्या पायाच पडायची बाकी होते. घर आजच घ्या म्हटलं. विकलं गेलं की मी सुटले. ते चेक लिहायला बसले, पेन टेकवलं आणि त्यांचा फोन वाजला. वर्कशॉपला आग लागली होती. ते धावत सुटले.

मीही मागे धावले. दार सताड उघडं होतं, पण उंबऱ्यावर पाय उचलेना. ते ओट्याच्या पायरीवर, हाताच्या अंतरावर. मी किंचाळले, ते वळले नाहीत. दार आपणहून लागलं.

तेव्हा आठवलं. असं घर कधी विकलंच जाऊ नये. पहिल्या दिवशी. झोपाळ्यावर बसून. मी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर उलटं बोलतेय. घर विकलं जाऊ दे. माझा आवाज जाऊ दे. दार उघडू दे. कडी हलत नाही. एकदा धरलेला बोल मग फिरवता येत नाही या घरात.

नवीन बोललं तर धरतं. खायला काही उरलं नव्हतं, रडत म्हटलं की डब्यात पोहे आहेत. टण. होते पोहे.

वहीचं पान फाडून खिडकीच्या गजांतून टाकलं. शेवंतीताईंच्या टोपलीशी पडताना बघितलं. वळले तर पान झोपाळ्यावर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गॅदरिंग झालं असेल. पहिल्या रांगेत खुर्ची रिकामी —

सान्वीचा फोन. आई, तू आली नाहीस. मी रडले, ओरडले, तिला काहीच — मग सूरज म्हणाला, नयन, ऐकू येत असेल तर, उद्या आम्हीच येतो. ती मागे टाळ्या वाजवत होती.

नको. नको रे.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिने पाऊल टाकलं की परत जायचं नावच काढणार नाही. मीच बोलले. माझ्याच अक्षरात आहे. ती येणार नाही, असं म्हणून पाहिलं, पण ‘तिला घेऊन ये’ हेही आधी मीच म्हटलेलं, कडी हलली नाही.

दाराला अडसर घातला. कपाट लावलं. अडसर आपणहून सरकला. सर्वेशनाही असंच उघडलं होतं —

आले. काचेतून दिसतात. सान्वी कालचीच हिरवी साडी नेसून आलीय, मला दाखवायला. गजरा. शेवंतीताईंनी सूरजचा हात धरलाय, काही सांगतात, तो हसतो —

ती पायरी चढतेय. मला तिला जवळ घ्यायचंय. देवा, फार घ्यायचंय.

नवीन बोललं तर धरतं.

बोलले. मोठ्याने. सान्वीला आणि सूरजला मी आठवत नाही. नयन नावाचं त्यांचं कुणीच नाही —

टण.

ती थांबली. पायरीवरच. वर बघतेय. बाबा, हे कोणाचं घर? सूरज डोकं खाजवतोय. माहीत नाही गं. आपण इकडे कशाला आलो?

शेवंतीताई तोंडावर पदर धरून खिडकीकडे —

दोघं माघारी वळले. तिने त्याचं बोट धरलंय. गजरा अजून दिसतोय. अजून — कोपऱ्यावर — अजू