नाव न घेता सांगा

॥ श्री ॥
शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. ७ डिसेंबर १९५२

ती. अक्काचे सेवेसी,
श्यामलेचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. धरणावरच्या वाऱ्यानं गुडघे धरतात, असं लिहितेस आणि शेक घ्यायचा सोडून चार-चार पानं खरडतेस. मला आवडतात म्हणून बोलत नाही, इतकंच.

इकडे माझं डोकं ठिकाणावर नाही. शाळा सुटल्यावर चार ते सहा मी मोठ्या बायकांना इंग्रजी शिकवते, हे तुला ठाऊकच आहे. अकराजणी मार्चमध्ये बाहेरून एस. एस. सी.ला बसणार. कुणाला नर्सिंगला जायचंय, कुणाला मास्तरीण व्हायचंय. बाकी सगळं रेटलं, पण ‘हू’, ‘विच’ आणि ‘हूज’पाशी गाडं रुतलं. दोन वाक्यं जोडायला दिली की सगळ्याजणी ‘द मॅन हू केम ही इज माय अंकल’ असंच लिहितात. आपल्या ‘जो-तो’मधला ‘तो’ काही केल्या सुटत नाही. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथा आपल्या बोटांवर पट्टी मारायच्या, आठवतं? या बायकांच्या हातांना भाकरीचे चटके आधीच आहेत. मी कुठली मारते.

परवा गंमत झाली. तानाबाई म्हणून एक आहे, शाहूवाडीकडची, दिवसा एका सूतिकागृहात आयाचं काम करते. कुणीतरी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, जे मुंबईला गेल्यात ते. सगळ्या हसल्या. मी मात्र खडू हातात धरून उभीच राहिले. अगं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून या जन्मभर हेच तर करत आल्यात. मी फळ्यावर लिहिलं, नाव न घेता माणूस ओळखवा. पाच मिनिटांत अकरा इंग्रजी वाक्यं आली, आणि नऊ बरोबर. एकीनं लिहिलं, जो भात जास्त खातो तो सासूचा मुलगा आहे. तानाबाईनं लिहिलं, जो माणूस माझ्या वडिलांची ट्रंक घेऊन गेला त्याने पत्र पाठवले नाही. एक चूक नाही. मी हिरव्या पेन्सिलीनं चांगली मोठी खूण केली.

झुंबरला माझे आशीर्वाद. मेव्हण्यांना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून पोचती करत जा.
तुझी,
श्यामला

राधानगरी
ता. १५ डिसेंबर १९५२

चि. श्यामलेस अनेक उ. आ.

तुझ्या सासूच्या मुलाचं वाक्य यांना वाचून दाखवलं. जेवता जेवता ठसका लागला. मग म्हणाले, श्यामलाबाईंना सांग, माझ्यावर वाक्यं करू नका.

आता मोठी बातमी. आपल्या झुंबरचं ठरतंय. यांची बहीण गेल्यापासून पोर माझ्या पदरात वाढली. एकोणिसावं सरत आलं, तेव्हापासून माझा जीव टांगणीला होता. मुलगा धरणाच्या कामावर हजेरी मांडतो. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं, तोंडात सुपारीसुद्धा नाही. यांच्या हाताखाली तीन वर्षं आहे. मागंपुढं कुणी नाही, आईबाप लहानपणीच गेले म्हणतो. सासुरवास नाही, हे झुंबरचं नशीबच. नाव कृष्णात. पंचवीस जानेवारीला रविवारी साखरपुडा करायचा म्हणतो आहोत.

झुंबर काही बोलत नाही, पण विहिरीवरून येताना गुणगुणते. तिनं काळी चंद्रकळा मागितली आहे. तुझ्या महाद्वार रोडवर बघून ठेव.

तुझी थंडी वाढली असेल. सकाळी गार पाण्यानं अंघोळ करायचा हट्ट आता सोड. पन्नाशी उलटली.
वाट बघायला लावू नकोस, एवढंच मागणं.
अक्का

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. ४ जानेवारी १९५३

ती. अक्काचे सेवेसी,
श्यामलेचा कृ. सा. न. वि. वि.

झुंबरची बातमी वाचून गुळाचा खडा तोंडात टाकला. चंद्रकळा घेतली आहे, काठ बोटभर रुंद आहेत. तरी का कोण जाणे, मला चैन पडत नाही. लहानपणी तुझ्या लग्नात मी मांडवाच्या खांबाला धरून बसले होते, तसं काहीतरी वाटतं. वयाचं असेल.

वर्गाचं म्हणशील तर आता सगळ्याजणी ‘हूज’वर आल्यात. तानाबाईनं तर दोन पानं भरून आणली. तुला हसायला म्हणून तिची काही वाक्यं मराठीत उतरवून धाडते. ज्याच्या डाव्या हाताचा अंगठा उसाच्या चरकात चेंगरला तो माणूस माझ्यावर कधी ओरडला नाही. जी ट्रंक त्याने नेली तिच्यावर दोन पोपट आहेत. ज्या म्हातारीला दिसत नाही ती रोज पोस्टमनला विचारते. ज्या बाईचे कुंकू आहे तिला लोक विधवा म्हणत नाहीत आणि सवाष्णही म्हणत नाहीत. हे शेवटचं लांबलचक, पण अक्का, त्यात एकही ‘शी’ जादा पडलेला नाही. दहापैकी दहा दिले. तिला म्हटलं, असंच लिहीत राहिलीस तर साठच्या वर मार्क पडतील. तिनं वही पिशवीत घातली.

सोमवारी सव्वीसला सकाळी शाळेत झेंडावंदन, आणि लगेच मंगळवारी सत्तावीसला तपासणी आहे. साहेब माझाच तास बघणार म्हणतात. हेडबाईंनी तीनदा सांगून झालं. त्यामुळे पंचवीसला मला येता येईल असं वाटत नाही. रागावू नकोस.
मनात ठेवतेसच, तिथंच राहू दे.
श्यामला

राधानगरी
ता. ९ जानेवारी १९५३

चि. श्यामलेस उ. आ.

हे पत्र वाचून झाल्यावर बस आणि मग पुन्हा वाच.

तू धाडलेली वाक्यं मी झुंबरला वाचून दाखवत होते. अंगठ्याचं वाक्य आलं आणि पोरीच्या हातातलं सूप खाली पडलं. कृष्णातचा डावा अंगठा चेंगरलेला आहे. चरकातच. आणि गेल्या महिन्यात तो खोली बदलताना त्याची ट्रंक आमच्या ओसरीवर दोन दिवस होती. पोपट मी स्वतः फडक्यानं पुसलेत.

श्यामले, तुझ्या हातात ती वही महिनाभर आहे. तू काय वाचत होतीस गं?

यांनी त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, साहेब, चरकात अंगठे किती जणांचे जातात, आणि पोपट तर बाजारातल्या दर दुसऱ्या ट्रंकेवर असतात. डोळ्याला डोळा दिला नाही, पण आवाजही चढवला नाही. हे आता म्हणतात, एक बायको असताना दुसरी करायला कायद्यानं बंदी आहे हे खरं, पण त्या बाईनं नाव तरी सांगितलंय का? पत्रिका गेल्या, माणसं सांगून झाली. शाळेच्या वहीवरून लग्न मोडलं तर उद्या झुंबरकडे कोण बघेल? आणि ते खोटंही नाही.

झुंबर जेवते, काम करते, फक्त विहिरीवर जात नाही.

तानाबाईला त्याचं नाव विचार. एक नाव, बाकी काही नको. उलट टपाली कळव.
अक्का

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. १७ जानेवारी १९५३

ती. अक्काचे सेवेसी,
श्यामलेचा कृ. सा. न. वि. वि.

तू विचारलंस ते मी स्वतःला रोज विचारते. मी ‘हू’ बघत होते, अक्का. ‘विच’च्या जागी ‘हू’ पडलाय का, हे बघत होते. बाई काय सांगते, हे बघायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही तीस वर्षांत कुणाला शिकवलं नाही.

तानाबाईला सगळं सांगितलं. झुंबरचं, साखरपुड्याचं, ट्रंकेचं. नाव मीच उच्चारून विचारलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. खाली बसली. मग म्हणाली, बाई, नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य घटतंय म्हणत्यात. पाच वर्सं कुठं हाय त्ये ठावं न्हवतं, पर जित्ता असावा म्हणून म्या तोंड मिटून ऱ्हायले. आंधळ्या सासूला मजुरीचे पैसे तीच धाडते, आणि मुंबईहून लेकाचे आले असं सांगते. माणूस मुंबई म्हणून निघाला आणि मधला डोंगर ओलांडून तुझ्या ओसरीवर आला.

तिला हसता येईना मला. मी तरी कुठं घेते नाव? तीस वर्षं झाली मला विधवा होऊन. घटायला आयुष्य उरलेलं नाही, तरी जीभ वळत नाही.

नंतर तीन दिवस ती वर्गाला आली नाही. मी दोनदा सूतिकागृहापर्यंत जाऊन फाटकातून परतले. तिच्यावर जोर करायचा मला काय अधिकार? तिनं तोंड उघडलं तर सासरचे तिला परत ओढतील, परीक्षा राहील. आणि नाही उघडलं तर आपली झुंबर. काल आली. राधानगरीची मोटर किती वाजता सुटते, एवढंच विचारलं. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाली. तुमी समूर असला की चुका काढाल असं वाटून माझं तोंडच उघडत न्हाई. जाईन, पर बोलंन असं म्हणत न्हाई, हेही तिनंच सांगितलं.

ती पंचवीसला पोचेल. तिला जवळची पाहुणी म्हणून घरात घे. जास्त काही विचारू नकोस.
रागावलेली असलीस तरी मी तुझीच,
श्यामला

राधानगरी
ता. २६ जानेवारी १९५३

चि. श्यामलेस अनेक उ. आ.

काल तुझी तानाबाई अकराच्या मोटरीनं आली. बारीक, सावळी, हातात पिशवी आणि पिशवीत वही. आल्या आल्या पदर खोचून चुलीपाशी बसली आणि साठ माणसांची कणीक मळू लागली. तू बजावल्याप्रमाणे मी काही विचारलं नाही. बाहेर पुरुष बसले होते, कृष्णात नवं धोतर नेसून मधोमध.

हळदीकुंकू सुरू झालं आणि बायकांनी नेहमीप्रमाणे उखाण्यांचा फड लावला. आमच्या गल्लीतल्या बायडाबाईंना तर माणूस दिसलं की उखाणाच आठवतो. त्यांना काही ठाऊक नव्हतं. सैपाकघराच्या दारात तानाबाईच्या गळ्यातलं डोरलं दिसलं आणि त्यांनी तिलाच धरलं. म्हणाल्या, पावणी लई मागं मागं ऱ्हायल्या, घ्या की नाव, काय विसरला काय? सगळ्या हसल्या. झुंबर पाटावर बसली होती, ती हसली नाही.

तानाबाई पिठाच्या हातांनी पुढं आली. सगळ्या यमकाची वाट बघत होत्या. तिनं यमक लावलं नाही. शाळेत हजेरी देतात तशी सरळ उभी राहून म्हणाली, कृष्णात दौलू खाडे. मग गावाचं नाव सांगितलं, तालुक्याचं सांगितलं, लग्नाची तिथी सांगितली, आणि त्याची आई जिवंत आहे हेही सांगितलं. दार उघडं होतं. बाहेरची पुरुषांची बोलणी थांबली. हे सांगतात, तो पान आणतो म्हणून उठला आणि चपलाही न घालता गेला. अजून आला नाही.

बायडाबाई रडायला लागल्या, त्यांनाच सावरावं लागलं. यांनी दाराशी येऊन तानाबाईला हात जोडले. म्हणाले, त्याला पकडून आणतो, तुमच्या घरी पोचवतो. ती म्हणाली, मला त्यो नको हाय. ह्या पोरीला बी नको, म्हणून आलते. मग, अन्न काय त्यानं केलंय काय, बसवा की माणसं, असं म्हणून स्वतः वाढायला उभी राहिली. झुंबर पाटावरून उठून तिच्यामागं आमटीचं भांडं घेऊन फिरली. लोक जेवले, श्यामले. काय बोलावं कळेना म्हणून जास्तच जेवले.

निघताना मी तिला विचारलं, नाव घेतलंस, मनाला लागलं नाही ना? ती म्हणाली, त्याचं राखता राखता पाच वर्सं माझंच घटत हुतं की.

त्याच्या खोलीतून ट्रंक आणवून तिला दिली. नको म्हणत होती, पण वडिलांची आहे. झुंबर काल मोटरीपर्यंत गेली आणि येताना विहिरीवरून घागर घेऊन आली. गुणगुणत नाही अजून.

मी तुला वहीवरून बोलले ते काळजीपोटी. ती वाक्यं तू धाडली नसतीस तर?
तपासणीचं कळव.
अक्का

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. २ फेब्रुवारी १९५३

ती. अक्काचे सेवेसी,
श्यामलेचा कृ. सा. न. वि. वि.

तपासणी झाली. साहेब पद्धत बरी आहे म्हणाले आणि फळ्यावरची तारीख चुकल्याचं दाखवून गेले. तानाबाई मंगळवारपासून वर्गाला येते. सासरहून दोघंजण आले होते. सूतिकागृहाच्या मोठ्या बाईंनी त्यांना फाटकातच उभं केलं. पुढं काय होईल ते सांगता येत नाही. मार्च अजून लांब आहे.

मला मात्र स्वस्थता नाही. परवा शनिवारी सगळ्या वर्गांच्या वह्या घरी आणल्या, शाळेतल्या मुलींच्याही. तपासून झालेल्याच. काल रविवारी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या, यावेळी पेन्सिल हातात न घेता. बहुतेक वाक्यं साधीच आहेत. जी गाय दूध देते ती पांढरी आहे. जो पंचगंगेवर पोहतो तो माझा भाऊ आहे. मग नववीच्या एका वहीत ऑक्टोबरातलं एक वाक्य सापडलं. जी मुलगी खिडकीजवळ बसते ती दुपारी डबा खात नाही, कारण जो डबा ती आणते तो रिकामा असतो. त्यावर माझ्याच हातची हिरवी खूण आहे, आणि शेजारी ‘छान’ असं लिहिलंय.

आज सकाळी चार भाकरी जास्त थापल्या. दुपारी त्या खिडकीजवळ जाऊन बसणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

झुंबरला माझ्याकडे धाडशील का, थोडे दिवस? शिकायला नको, नुसता बदल म्हणून.
चुकले तिथं कान धर, पण पत्र थांबवू नकोस.
तुझी,
श्यामला