हनुवटी वर केली की पाणी

केडगाव,
मार्च २००३

ति. आप्पा यांना ज्ञानदेवचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? (नसेल तर ओवा तव्यावर गरम करून हुंगायला सांगा.) इकडे मी मजेत आहे. तुमच्या भगिनी पिशवी भरून इनामगावला निघून आल्या, त्याचा माझ्यावर काडीचाही परिणाम झालेला नाही, हे आधीच सांगतो. स्वयंपाक मीच करतो. काल भात लागला, पण खरवड मला पहिल्यापासून आवडते.

त्यांनी तुम्हाला काय सांगितलं असेल ते ठाऊक आहे, म्हणून माझी बाजू लिहितो. सगळ्याच्या मुळाशी आमच्या आळीतल्या पाशाभाईंची निखत. पोरगी पुण्यात शिकून नाचाची कलाकार झाली आणि वर थेरपिस्टही झाली. म्हणजे गोळी नाही, इंजेक्शन नाही. अंग हलवायचं आणि मनात साठलेलं बाहेर काढायचं. (तुमच्या गावात जमीन खणून जुनी मडकी काढली, तसंच. फरक एवढाच की मडकी उलटून बोलत नाहीत.) तिनं समाजमंदिरात शिबिर लावलं. आळीतली झाडून सगळी जोडपी गेली, कारण शेवटी भजी होती.

आधी झाड व्हा म्हणाली. झालो. शेजारचा हौसराव वडाचं झाड झाला आणि भिंतीला टेकून तसाच झोपला. मग म्हणाली, एकही शब्द न बोलता घरातलं रोजचं काहीतरी करून दाखवा. इथं मी खुललो. दौंडला मालगाडीचा गार्ड म्हणून जन्म गेला माझा. झेंडी हलली की अख्खी गाडी हलते, तोंड कशाला वाजवायचं? घरीही तीच पद्धत. हनुवटी वर केली की पाणी, भुवई उडवली की चहा, ताटावर बोट वाजवलं की भाकरी. मी खुर्चीत बसून सगळं केलं, तुमच्या भगिनी ऊठबस करत राहिल्या. टाळ्या पडल्या. निखत म्हणाली, काका, कमाल केलीत, आता अदलाबदल करा.

तुमच्या भगिनी खुर्चीत बसल्या, पाय ताणले आणि हनुवटी वर केली. कुणाला बोलावतात म्हणून मी मागं वळून पाहिलं. त्यांनी भुवई उडवली. डोळ्यात काही गेलं का, असं मी काळजीनं विचारलं. मग माझ्यासारख्याच आठ्या घालून त्यांनी बोट वाजवलं, तेव्हा सगळं समाजमंदिर हसून लोळलं. (तुळजाबाईंची कवळी पडली.) हसता हसता तुमच्या भगिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. निखतनं विचारलं तर म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं ह्यांनी मला नावानं हाक मारली न्हाई. माझं नाव ह्यांना ठावं हाय का न्हाई, कुणाला ठावं."

आता सांगा आप्पा, आपल्या पिढीत बायकोचं नाव कुणी चारचौघांत घेतलंय का? पण दुसऱ्या दिवसापासून घरातले सगळे सिग्नल बंद. मी हनुवटी वर केली, तर छताकडं बघून म्हणाल्या, "काय, पाल हाय का?" मी खाकरलो, तर हातावर सुंठ ठेवली. शेवटी "नाव घ्या, मंग येते" म्हणून पिशवी उचलली. एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का? मी वाकणाऱ्यातला नाही, हे त्यांना स्पष्ट कळवा.

वहिनींना जयभीम.

आपला,
ज्ञानदेव

ता. क. नाव मला ठाऊक आहे. रोज गोठ्यात सराव करतो. आधी आवाजच फुटेना. काल फुटला, तर हौसराव काठी घेऊन पळत आला, "साप निघाला का?"

आणखी एक ता. क. बुधवारी सकाळच्या एस.टी.नं येतो. अंगणात उभा राहून हाक मारीन. तुम्ही सगळे आत राहा आणि हसू नका. घर फार रिकामं वाटतं, आप्पा. ऐन वेळी आवाज बसलाच, तर तिला एवढं दाखवा: गौतमी.