अक्काच्या पैशांचे मेसेज

यशवंतपूर, बेंगळुरू
६ जानेवारी २०२५

ती. शालनअक्कास, दयानंदचा शि. सा. न.

तुमच्या गावात रेंज नाही, म्हणून हा पत्राचा उद्योग. सोसायटीच्या खोलीत दर गुरुवारी सगळ्या बँकांचं मिळून एक टेबल लागतं, हे बरं झालं. खानापूरची दिवसभराची खेप वाचली. पण अक्का, तुझ्या खात्याला माझा नंबर दिलाय, त्यामुळे तू पैसे काढलेस की मेसेज माझ्या फोनवर येतो. हल्ली सारखे येतात. शिवलीला म्हणते, वन्सं साड्यांचं दुकान काढणार बहुतेक.

चेष्टा राहू दे, कुणी फसवत तर नाही ना? टेबलावरचा मंजुनाथ खानापूरला राहतो. त्याला फोन करून सांगितलंय, यापुढे अक्काला कारण विचारूनच पैसे दे. रागावू नकोस. धाकट्यावर माया असू दे.

तुझा दयानंद

२४ जानेवारी

चि. दयानंदास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. शिवलीलाची कंबर कशी आहे?

मंजुनाथनं तुझा शब्द पाळला. काल भरल्या ओळीत त्यानं विचारलं, पैसे कशाला? मी औषधाला म्हटलं. कसलं औषध, असं मागून जाऊबाईंनी विचारलं. मी पासबुक उचललं आणि पैसे न घेताच घरी आले.

लिहितानाही मान खाली जाते. वर्ष झालं, मला लघवी आवरत नाही. एकदा बसमध्ये सीट ओली झाली. तेव्हापासून खानापूरला जाणं सोडलं. ते टेबल आलं म्हणून माझं निभत होतं. नर्सबाई गुपचूप पॅड आणून देते, त्याला पैसे लागतात. आता जुनं लुगडं फाडून चालवते आहे.

शिवलीलाला कळू देऊ नकोस. जिवाला जप.

तुझी अक्का

यशवंतपूर
३ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न.

पत्र कारखान्यात वाचलं. डबा तसाच घरी आणला. दाजींची पेन्शन तुझी, आणि त्यावर मी पहारा बसवला. मंजुनाथला फोन केला, चुकलो म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "अण्णा, मला नका सांगू. त्या परत आल्याच नाहीत."

रजा मिळाली तर पुढच्या आठवड्यात गुरुवारी येतो. माझा नंबर काढून टाकू, आणि चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगतो. मग बेळगावच्या डॉक्टरांकडे जाऊ. आधीसारखीच मला आपला म्हण.

दयानंद

१४ फेब्रुवारी

चि. दयानंदास आशीर्वाद.

तू गुरुवारी आला नाहीस, देवच पावला. पत्र बुधवारी मिळालं आणि रात्रभर धास्ती होती. तू सगळ्यांसमोर माफी मागितलीस, की ती कशाची हेही सांगावं लागेल. ते करू नकोस.

काल मीच गेले. ओळ संपेपर्यंत बाहेर थांबले. मंजुनाथनं नंबर बदलायचा अर्ज पुढे केला, पैसे दिले. मान वर करून बघितलं नाही त्यानं. मीही नाही.

बेळगावला येईन. गाडी ओळखीच्या माणसाची आणू नकोस. मागच्या सीटवर जाड सतरंजी घाल. तू पुढे बस, आणि वाटेत मी थांब म्हटलं तर का ते विचारू नकोस.

तू माझाच आहेस, ते काय लिहायचं.

अक्का